नसलेल्या शहराचा नकाशा काढणाऱ्यांच्या बाजूने

जे शहर मुळात नाहीच त्याचा नकाशा कशाला काढायचा, असं विचारणाऱ्यांना बहुतेकदा उत्तर नको असतं. उत्तर त्यांच्यापाशी तयार असतं. ते असं: कादंबरी ही अनुभवायची गोष्ट आहे, ती वाचताना वही-पेन्सिल घेऊन कुठली गल्ली कुठल्या चौकात निघते याची टिपणं करणारा माणूस वाचतच नसतो, तो हिशेब लिहीत असतो. लेखकाने मुद्दाम अंधुक ठेवलेलं तो रेघांत पकडू पाहतो आणि इतर वाचकांच्या कल्पनेलाही कुंपण घालतो. लेखकाच्या मनात असा नकाशा नव्हताच, तेव्हा कागदावर जे उतरतं ते खोटं. शिवाय पुस्तकापुस्तकांत इतक्या विसंगती असतात की कोणताही नकाशा सगळ्यांशी जुळणं अशक्य. आणि त्यातून ती फँटसी असेल, ड्रॅगन आणि चेटकिणींची, तर मोठ्या माणसांनी त्यात वेळ घालवावा हेच लाजिरवाणं.

या मताची सर्वांत धारदार मांडणी एम. जॉन हॅरिसन या इंग्रज कादंबरीकाराने 2007 मधल्या एका टिपणात केली. हॅरिसन स्वतः फँटसी लिहिणारा, आणि उत्तम लिहिणारा. काल्पनिक जगाची इंचनिंच मोजणी करण्याची हौस लेखकाचा हात बांधते आणि वाचकाचं कामही हिरावून घेते, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून हे मत इतक्या तोंडांतून फिरलं आहे की आता ते कुणी तपासूनही पाहत नाही. साहित्यावर गंभीरपणे बोलणाऱ्या माणसाने नकाशांना हसलंच पाहिजे, असा संकेतच होऊन बसला आहे.

मला हे मत चुकीचं वाटतं, आणि त्याहून जास्त आळशी वाटतं. त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर आहे. पण अशी चर्चा हवेत चालली की दोन्ही बाजूंना काहीही म्हणता येतं, म्हणून एक खरं उदाहरण समोर ठेवते: टेरी प्रॅचेट या लेखकाचं अँख-मॉरपॉर्क.

प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत. पहिली 1983 ची, शेवटची त्याच्या मृत्यूनंतर 2015 मध्ये आलेली. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर थाळीसारखं सपाट जग, आणि त्या जगातलं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत घाणेरडं, सगळ्यांत जिवंत शहर म्हणजे अँख-मॉरपॉर्क. मधून अँख नदी वाहते, म्हणजे गाळाने इतकी घट्ट झालेली की वाहते म्हणणंही धाडसाचं. एका बाजूला श्रीमंतांचं अँख, दुसऱ्या बाजूला गरिबांचं मॉरपॉर्क. जादूगारांचं विद्यापीठ, शहरप्रमुखाचा राजवाडा, चोरांचा आणि मारेकऱ्यांचा रीतसर संघ, पितळी पूल, ‘शेड्स’ नावाची अंधारी वस्ती जिथे पहारेकरीही जायला धजत नाहीत. मालिकेतल्या कितीतरी कादंबऱ्या याच रस्त्यांवर घडतात.

सुरुवातीला प्रॅचेटचा नकाशांना विरोध होता. विनोदबुद्धीचा नकाशा काढता येत नाही, असं तो म्हणे. नकाशाविरोधकांना हे वाक्य फार आवडतं. त्यांना न आवडणारी गोष्ट पुढची आहे. 1988 च्या ‘सोर्सरी’ या कादंबरीच्या सुरुवातीलाच त्याने वाचकांना सांगून टाकलं की या पुस्तकात नकाशा नाही, हवा असेल तर तुमचा तुम्ही काढा. आणि वाचकांपैकी एकाने खरोखरच ते मनावर घेतलं. स्टीफन ब्रिग्ज हा नोकरी सांभाळून हौशी रंगभूमीवर काम करणारा माणूस. प्रॅचेटच्या कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरं करता करता तो त्या शहरात इतका मुरला की सगळी पुस्तकं पुन्हा वाचून, जागांचे उल्लेख गोळा करून त्याने शहराची मांडणी केली. स्टीफन प्लेअरने ती रंगवली. ‘द स्ट्रीट्स ऑफ अँख-मॉरपॉर्क’ या नावाने 1993 मध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला, आणि त्यावर प्रॅचेटचंही नाव होतं. ज्याने नकाशा शक्य नाही म्हटलं होतं त्यानेच हे शहर आपलं म्हणून ओळखलं. लेखकाचा अपमान झाल्याची ओरड करणाऱ्यांनी आधी लेखकाने काय केलं ते पाहायला नको का?

आता मुद्द्यांकडे. शहर नाहीच, मग मोजायचं काय, हा पहिला आक्षेप.

शहर नाही हे खरं. पण वाक्यं आहेत. हजारो पानांवर छापलेली, कुणालाही उघडून पाहता येतील अशी वाक्यं. कादंबरीवरून नकाशा काढणारा माणूस वाक्यं मोजत असतो. पेठेत पाडल्या गेलेल्या वाड्याची जागा जुन्या कागदपत्रांवरून ठरवणारा अभ्यासक जे करतो तेच हा करतो. वाडा दोघांच्याही समोर नसतो, समोर असतो तो मजकूर.

हे काम कसं चालतं हे विरोधकांनी कधी पाहिलेलंच नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या पुस्तकापासून पुन्हा वाचायला घ्यायचं. प्रत्येक जागेचं नाव, पान आणि त्या जागेबद्दल जे सांगितलं असेल ते वहीत उतरवायचं. मग सांगितलं कुणी, हे पाहायचं. निवेदकाने सरळ सांगितलेल्या वाक्याचं वजन जास्त. तेच एखाद्या घाबरलेल्या किंवा खोटं बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी असेल तर कमी. हशा पिकवण्यासाठी फुगवलेला आकडा सगळ्यांत हलका. यातच वाचकाची पहिली परीक्षा होते, कारण कुठलं वाक्य विनोदासाठी आहे आणि कुठलं माहितीसाठी, हे ओळखायला लेखकाचा आवाज कानात बसलेला असावा लागतो. प्रॅचेटसारख्या लेखकाच्या बाबतीत तर ही दोन्ही कामं एकाच वाक्यात चाललेली असतात.

त्यानंतर शेजार पाहायचा: काय कशाला लागून आहे. मग क्रम: पुलावरून निघालेल्या माणसाला आधी काय लागतं, नंतर काय. मग खिडक्या: कुठल्या खोलीतून नदी दिसते, कुठून विद्यापीठाचा मनोरा दिसतो, कुठून काहीच दिसत नाही. आवाज आणि वासही पुरावाच. घंटा कुठवर ऐकू येते, चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीचा वास वाऱ्याबरोबर कुठे पोचतो. अंतर त्याच्याही नंतर. दोन पहारेकरी चालता चालता एक संभाषण पूर्ण करतात. तेवढ्या बोलण्याला किती पावलं लागतील याचा अंदाज बांधायचा आणि तो दुसऱ्या पुस्तकातल्या पाठलागाशी ताडून पाहायचा. दिशा सगळ्यांत शेवटी, कारण सपाट जगाला उत्तर-दक्षिण नाही. तिथे केंद्राकडे आणि कडेकडे, फिरण्याच्या दिशेने आणि तिच्या उलट, अशा चार दिशा. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की मग त्या जगात सूर्य कुठून येतो आणि सावली कुठे पडते हेही नव्याने समजून घ्यावं लागतं.

यातलं कोणतं काम वाचनाबाहेरचं आहे? माझा हा प्रश्न अगदी मनापासून आहे. शब्दाकडे लक्ष देणं, वक्ता ओळखणं, सूर ओळखणं, एका पानावरचं वाक्य दुसऱ्या पुस्तकातल्या वाक्याशेजारी ठेवून पाहणं, यालाच तर आपण बारकाईने वाचणं म्हणतो. कवितेच्या बाबतीत हे केलं तर त्याला रसग्रहण म्हणायचं आणि कादंबरीतल्या रस्त्यांबाबत केलं तर पोरखेळ, हा भेद कुठल्या तत्त्वावर?

लेखकाच्या मनात नकाशा नव्हता म्हणून वाचकाने काढलेला खोटा, हा दुसरा आक्षेप. त्याला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या अनुभवाइतकं चोख उत्तर दुसरं नाही. 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ उगवली. पुस्तकरूपाने छापायची वेळ आली तेव्हा त्याने हस्तलिखितासोबत नकाशाही प्रकाशकाकडे पाठवला. छापील मजकूर तपासायला आला, नकाशाचा पत्ता नाही. तो वाटेतच हरवला होता. मग स्टीव्हन्सनने आपली स्वतःची कादंबरी पहिल्यापासून वाचली, जागांचे सगळे उल्लेख काढून त्यांची यादी केली आणि कर्कटक घेऊन त्या उल्लेखांना जुळेल असा नकाशा नव्याने तयार केला. हे काम त्याच्या वडिलांच्या कचेरीत झालं. दीपस्तंभ बांधणाऱ्या त्या अभियंता वडिलांनी कथेतल्या कप्तानाची सहीसुद्धा त्यावर उठवून दिली. छापील पुस्तकातला नकाशा तो हाच, मजकुरातल्या खुणांवरून काढलेला.

स्टीव्हन्सनला तो दुसरा नकाशा कधीच आपलासा वाटला नाही, हे त्याने 1894 च्या एका लेखात स्वतःच लिहून ठेवलं आहे. विरोधक याकडे बोट दाखवतील, त्यांनी खुशाल दाखवावं. एका माणसाच्या मनाला काय वाटलं हा एक मुद्दा, आणि नकाशा पुस्तकाशी जुळतो की नाही हा दुसरा. 1883 पासून पिढ्यान्पिढ्या वाचकांनी त्या दुसऱ्याच नकाशावर बोट ठेवून खजिना शोधला आहे, आणि पुस्तक त्यांच्या हाताखाली जरासुद्धा कोमेजलेलं नाही. शिवाय त्याच लेखात स्टीव्हन्सनने आणखी एक गोष्ट बजावून ठेवली: प्रदेश खरा असो की कल्पनेतला, लेखकाला तो तळहातासारखा ठाऊक असला पाहिजे, अंतरं, दिशा, सूर्य कुठे उगवतो, चंद्र कधी कुठे असतो, सगळं. चंद्राच्या बाबतीत तर स्वतःच्या कादंबरीत चूक झाल्यावर तो पंचांग जवळ ठेवूनच लिहू लागला. लेखक इतकी काळजी घेत असतील तर ती काळजी ओळखणारा वाचक लेखकाचा अपमान करतो की मान राखतो?

टॉल्किनने नकाशापासून सुरुवात करून कथा त्यात बसवली. प्रॅचेटने नकाशाशिवाय लिहिलं आणि शहर लिहिता लिहिता घडत गेलं. दोन्ही वाटांनी शहर मजकुरात उतरलं, आणि वाचकाला मिळतो तो मजकूर. त्यामुळे लेखकाच्या टेबलावर नकाशा होता की नव्हता या चौकशीला माझ्या दृष्टीने फारसा अर्थ नाही.

आता तिसरा आक्षेप, जो सगळ्यांच्या तोंडी असतो आणि ज्यावर मला सगळ्यांत जास्त राग येतो: नकाशा कल्पनाशक्ती मारतो.

कुणाची? अँख-मॉरपॉर्क वाचकाला पहिल्यांदा दिसतं ते ‘द कलर ऑफ मॅजिक’च्या सुरुवातीला, आगीत. दोन प्रवासी टेकडीवरून जळतं शहर पाहत आहेत. प्रॅचेटने ती आग वस्ती-वस्तीतून नेली आहे. जादूगारांच्या भागात ज्वाळेचा रंग वेगळा, तेलाची कोठारं असलेल्या व्यापारी रस्त्यावर तिचं रूप वेगळं, अत्तरवाल्यांकडे वेगळं, औषधी वनस्पतींच्या गुदामांत आणखी वेगळं. लेखकाने आपल्या शहराची पहिली ओळख करून दिली तीच पेठांनुसार. कोण कुठे राहतो, काय विकतो, कशाचा साठा करतो, हे सगळं त्या ज्वाळांच्या रंगांत सांगितलेलं आहे. आता ज्या वाचकाला सगळं शहर म्हणजे एकच अंधुक ढग वाटतो त्याने या पानावर फक्त एक मोठी आग पाहिली. ज्याच्या डोक्यात वस्त्या वेगळ्या आहेत त्याने शहर पाहिलं. कल्पनाशक्ती कुणाची जास्त चालली?

अंधुकपणाला कल्पनाशक्ती समजण्याची ही सवय आपण सोडायला हवी. धुकं डोक्यात ठेवायला काही कष्ट पडत नाहीत. नदीच्या कुठल्या काठावर आपण आहोत, पूल मागे राहिला की पुढे आहे, ओरडलं तर कुणाला ऐकू जाईल, हे मनात एकाच वेळी धरून वाचत राहणं हे कल्पनाशक्तीचं खरं कष्टाचं काम आहे.

आणि प्रॅचेटच्या बाबतीत तर ही फक्त वाचनाच्या आनंदाची गोष्ट राहत नाही, कथेचा अर्थच रस्त्यांत आहे. सॅम व्हाइम्स हा शहराच्या पहाऱ्याचा प्रमुख, गरिबीतून वर आलेला. 1993 च्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये त्याचा बुटांबद्दलचा प्रसिद्ध विचार येतो. श्रीमंत माणूस 50 डॉलरचे बूट घेतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एखाद-दोन हंगामांत फाटतात, आणि शेवटी गरिबाचे पैसे जास्त जाऊनही पाय ओलेच राहतात. हा विचार जगभर उद्धृत होतो, अर्थशास्त्राच्या चर्चांतही येतो. पण त्याला लागूनच असलेली गोष्ट लोक गाळतात: बुटांचे तळ इतके झिजलेले की व्हाइम्सला धुक्याच्या रात्रीही पायाखालच्या दगडांच्या स्पर्शावरून आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे कळतं. गरिबीने त्याला शहराचा नकाशा दिला आहे, आणि तो त्याच्या तळपायात आहे. हे वाचून रस्त्यांकडे लक्ष देऊ नका म्हणणाऱ्याने नेमकं काय वाचलं?

‘नाइट वॉच’ ही 2002 मधली कादंबरी, माझ्या मते त्या मालिकेतली सर्वश्रेष्ठ. व्हाइम्स तीस वर्षं मागे, जुलमी राजवटीच्या काळात जाऊन पडतो. लोक रस्त्यात अडथळे उभे करतात. ट्रीकल माइन रोडवरच्या पहाऱ्याच्या चौकीभोवती सुरू झालेले अडथळे रात्रीतून पुढे सरकतात, एका गल्लीचे दुसऱ्या गल्लीला जोडले जातात, आणि बघता बघता शहराचा मोठा भाग आत येतो. त्या भागात खाटिकखाने आहेत, शहराला रोज पुरवलं जाणारं अन्न आहे. म्हणजे वेढा कुणी कुणाला घातला आहे हेच उलटतं: उपाशी राहण्याची पाळी आता राजवाड्यावर. ही त्या कादंबरीतली राजकीय जाण आहे, आणि ती पूर्णपणे भूगोलातून आलेली आहे. अडथळ्यांची रेघ मनात नसलेल्या वाचकाला इथे थोडी गडबड आणि बरेच विनोद मिळतात. रेघ मनात असलेल्याला सत्ता कशी उलटते ते दिसतं. गुप्त पोलिसांचं ठाणं केबल स्ट्रीटवर आहे आणि लोक तिथून किती जवळ राहतात, हे कळल्याशिवाय त्या पानांवरची भीती तरी कशी कळणार?

हे फक्त विनोदी फँटसीला लागू आहे असं कुणी म्हणू नये. जेम्स जॉइसने ‘युलिसिस’मधलं भटकंतीचं प्रकरण लिहिताना डब्लिनचा नकाशा पुढे ठेवला होता आणि त्यावर दोन पात्रांचे मार्ग लाल शाईने आखले होते, हे त्याचा मित्र फ्रँक बजेन याने नोंदवलं आहे. कुणाला कुठे पोचायला किती मिनिटं लागतील याचा हिशेब तो करत होता. व्लादिमिर नाबोकोव्ह विद्यार्थ्यांना कादंबऱ्या शिकवताना घरांचे आराखडे आणि रस्ते काढायला लावायचा. काफ्काच्या ग्रेगोर साम्साच्या घरातल्या खोल्यांची रचना त्याने स्वतः काढली होती. ‘युलिसिस’च्या शिक्षकांनी होमरचे दाखले देत बसण्यापेक्षा डब्लिनचे नकाशे करावेत, असं त्याचं स्पष्ट मत. विल्यम फॉकनरने 1936 मध्ये ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ या कादंबरीला आपल्या काल्पनिक काउंटीचा नकाशा जोडला, क्षेत्रफळ 2400 चौरस मैल म्हणून लिहिलं आणि खाली स्वतःला तिचा एकमेव मालक म्हणवून घेतलं. यांपैकी कुणाला कल्पनाशक्तीचा शत्रू म्हणण्याची हिंमत कुणी केलेली मला माहीत नाही. मग तेच काम कॅरन विन फॉन्स्टॅड या नकाशाकार बाईने टॉल्किनच्या जगाबद्दल केलं, 1981 मध्ये ‘द ॲटलस ऑफ मिडल-अर्थ’ पूर्ण करून दिला, तर ती चाहतेगिरी कशी होते? फॉकनरचा नकाशा साहित्य आणि ब्रिग्जचा नकाशा छंद, या विभागणीत मला वाङ्मयीन विचार दिसत नाही. कुठली पुस्तकं प्रतिष्ठित आणि कुठली नाहीत याबद्दलचा जुना उच्चभ्रूपणा तेवढा दिसतो.

विसंगतींचा आक्षेप दिसायला भक्कम आहे. पहिल्या कादंबरीतलं अँख-मॉरपॉर्क हे तलवारबाज साहसकथांचं विडंबन आहे. पुढे त्या शहरात वर्तमानपत्र निघतं, टपालखातं पुन्हा उभं राहतं, मनोऱ्यामनोऱ्यांवरून संदेश धावतात, आणि 2013 च्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये आगगाडी येते. रस्त्यांबद्दलची सगळी वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत हे खरंच आहे. पण ती जुळत नाहीत हे कळलं कुणामुळे? ज्यांनी जुळवून पाहिली त्यांच्यामुळे. विसंगती हाती लागणं हे त्या कामाचं फळ आहे. ते त्या कामाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणं हा उलटा न्याय झाला. आणि ती सापडली की पुढचे प्रश्न सुरू होतात: लेखक इथे विसरला, की शहर बदललं, की सांगणारा खोटं बोलतो आहे? प्रॅचेटने तर 2001 च्या ‘थीफ ऑफ टाइम’मध्ये या विसंगतींनाच कथेत जागा दिली. काळ एकदा फुटला होता आणि इतिहासाची राखण करणाऱ्या भिक्षूंनी तो तुकडे जोडून सांधला, म्हणून काही गोष्टी एकमेकींशी बसत नाहीत, असा त्याचा खुलासा. जुळवणारे वाचक आहेत हे त्या लेखकाला पक्कं ठाऊक होतं.

हॅरिसनचंही इथेच चुकतं. व्हिरिकोनियम हे त्याचं शहर तो पुस्तकागणिक मुद्दाम बदलतो. नावं सरकतात, इतिहास उलटतो, पायाखालची जमीन टिकत नाही. ती अस्वस्थता फार मोठ्या दर्जाची आहे. पण ती होते कुणाला? 1971 च्या पहिल्या पुस्तकातले रस्ते ज्याच्या लक्षात आहेत त्यालाच पुढच्या पुस्तकात ते हलल्याचं जाणवतं. ज्याने कधी रस्त्यांकडे पाहिलंच नाही त्याच्यासाठी व्हिरिकोनियम कधी बदललंच नाही. नकाशाला नकार देणारं शहरसुद्धा नकाशा मनात धरणाऱ्या वाचकावर उभं आहे, आणि त्या वाचकाला हिणवून हॅरिसन आपल्याच सर्वोत्तम वाचकाला दूर लोटतो.

एक गोष्ट मान्य करते. पुस्तक उघडताच पहिल्या पानावर चिकटवलेले, डोंगर-जंगल-किल्ला असे ठरावीक शिक्के मारलेले नकाशे बहुधा टाकाऊ असतात. डायना विन जोन्स या लेखिकेने 1996 मध्ये ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ लिहून त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली, आणि ती योग्यच होती. पण तो प्रकाशकाने मजकुराआधी लावलेला देखावा. मी ज्याची बाजू घेते आहे तो मजकूर संपल्यावर, मजकुरातूनच काढलेला नकाशा. या दोन्हींना एकाच काठीने हाकणं म्हणजे पुस्तकाची जाहिरात आणि पुस्तकाचं परीक्षण यांत फरक नाही असं म्हणणं.

आपल्याकडच्या वाचकांना मालगुडीची आठवण दिली तरी पुरे. आर. के. नारायण यांनी 1935 च्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून ते गाव रचलं. शरयू नदी, मेंपीचे डोंगर, जुन्या घराण्यांचा कबीर स्ट्रीट, नव्या श्रीमंतांचं लॉली एक्स्टेन्शन, मार्केट रोडवरचा छापखाना. जेम्स फेनेली या अभ्यासकाने नारायण यांच्या कथा-कादंबऱ्यांतल्या उल्लेखांवरून मालगुडीचा नकाशा तयार केला. शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी मालिका केली तेव्हा कर्नाटकातल्या आगुंबे गावाचं मालगुडी झालं, आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आपण सगळ्यांनी त्या मालिकेत पाहिली. त्या नकाशामुळे किंवा त्या आगुंबेमुळे कुणाचा स्वामी मेला का? उलट कबीर स्ट्रीट आणि लॉली एक्स्टेन्शन यांच्यातलं अंतर कळलं की नारायण यांच्या माणसांच्या आकांक्षा आणि त्यांची लाज दोन्ही कळतात. मालगुडीबद्दल हे आपण आनंदाने मान्य करतो. मग शहरात ड्रॅगन उडू लागला की हा न्याय का बदलावा?

राहिला लाजिरवाणेपणाचा मुद्दा. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या विंकँटन या छोट्या गावाने 2002 मध्ये अँख-मॉरपॉर्कशी भगिनी-शहराचं नातं जोडलं, आणि 2009 मध्ये तिथल्या नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना कादंबऱ्यांतली नावं दिली. त्यांतला एक ट्रीकल माइन रोड. आज लोक त्या रस्त्यावर राहतात, त्यांच्या पत्रांवर तो पत्ता असतो. 2012 मध्ये ‘द कम्प्लीट अँख-मॉरपॉर्क’ या नावाने शहराचा अधिक तपशीलवार नकाशा निघाला, कारण 1993 नंतरच्या पुस्तकांनी शहर वाढवलं होतं आणि नव्या वाक्यांसाठी नव्या गल्ल्या लागत होत्या. खऱ्या शहराचे नकाशे ज्या कारणाने बदलतात त्याच कारणाने हाही बदलला. इतक्या प्रेमाने आणि इतक्या शिस्तीने एका लेखकाच्या शब्दांची राखण होत असेल तर त्यात लाज कुणाला वाटावी?

कादंबरीतून काढलेला नकाशा हे त्या कादंबरीबद्दलचं एक विधान असतं, आणि विधानाप्रमाणेच ते तपासता येतं. म्हणून विरोधकांना माझं एवढंच सांगणं आहे: नकाशा चुकला आहे असं वाटत असेल तर पुस्तक उघडा, पान काढा, वाक्य दाखवा आणि ती गल्ली खोडा. त्याखेरीज दुसरा कोणताही आक्षेप मी ऐकून घेणार नाही.